आवाज शेवटच्या टेबलापर्यंत

आमच्या घरात दोन बायका आहेत. थोरली लाकडाची आहे, माणसापेक्षा उंच आहे आणि घरातल्या एकाही कामाला हात लावत नाही. धाकटी मी. थोरली म्हणजे ह्यांचा डबल बेस. व्हायोलिन पाहिलंय ना? तसंच, पण एवढं मोठं की वाजवणाऱ्यानं उभं राहून त्याला कवेत घ्यावं लागतं. चार जाडजूड तारा, आणि गाण्याच्या तळाशी घुमणारा तो खोल आवाज. लग्न होऊन मी आले तेव्हा ती आधीच खिडकीजवळ उभी होती. पहिल्याच दिवशी मला सांगण्यात आलं, कपाट कुठंही हलव, हिला मात्र हलवायचं नाही. ऊन लागू द्यायचं नाही, गार वारा लागू द्यायचा नाही. माझ्याबद्दल अशा सूचना कुणी कुणाला दिल्याचं मला आठवत नाही.

मी शिवणकाम करते. पँटची लांबी कमी करणं, चेन बदलणं, खाऊनपिऊन सुखी झालेल्यांची कंबर सैल करून देणं, असलं काम. थोरलीची खोळही मीच शिवते. तिच्या कमरेचं माप मला तोंडपाठ आहे.

हे छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर होते, आता घरी असतात. पण रविवारी दुपारी एका मोठ्या हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये वाजवायचं, हे कधी चुकलं नाही. तिघं आहेत. पियानोवर मास्तर, ह्यांचे तरुणपणापासूनचे दोस्त. ड्रमवर जे आहेत त्यांना सगळे वादळ म्हणतात, आणि का म्हणतात ते त्यांनी काठ्या उचलल्या की कळतं. आमच्या ह्यांना म्हणतात खांब. मागं उभे राहतात, कुणाच्या अध्यातमध्यात नाहीत, तोंडातून शब्द नाही. घरी या एकदा, खांब किती बोलतो ते दाखवते!

तर ह्या खांबाच्या डोक्यात एक किडा होता. आवाज पोहोचत नाही. अगदी पोरवयात पहिल्यांदा वाजवायला उभे राहिले, तेव्हा कुणीतरी मागून ओरडलं होतं, "अरे, इथं काही ऐकू येत नाही, ओढ की तारा!" झालं. तेव्हापासून हा माणूस तारा ओढतोय. तारा लाकडापासून जितक्या उंच ठेवाल तितका आवाज मोठा आणि तितकी बोटांना मेहनत जास्त, म्हणून ह्यांनी त्या इतक्या उंच करून ठेवल्या होत्या की खालून माझा अंगठा सहज जायचा. बोटांची सालं निघायची. रविवारी घरी आलो की मी गरम पाणी ठेवायची, हे हात बुडवून बसायचे आणि तोंडानं एकच, "आज पण मागं पोहोचलं नसणार."

आता मागं म्हणजे कुठं? तर शेवटचं टेबल. स्वयंपाकघराच्या दाराशी असतं ते, सारखी ये-जा, तिथं गिऱ्हाईक बसत नाही. म्हणून ते वाजवणाऱ्यांच्या घरच्यांना. म्हणजे मला. मांडीवर एखादी पँट घेऊन मी तिथं टाके घालत बसते, आणि मला सगळं ऐकू येतं. छान ऐकू येतं. हे मी ह्यांना दर रविवारी सांगायची. तर म्हणायचे, "तू बायको आहेस. तू म्हणणारच."

दुसरी कुणी असती तर पटलं असतं. बायको असणं हाच माझ्या कानांचा दोष!

मग बोटांचे सांधे सुजायला लागले. सकाळी शर्टाचं बटण लागेना, कपाचा कान धरता येईना. डॉक्टरीण बाईंनी फोटो काढले, हात उलटासुलटा करून बघितला आणि सरळ म्हणाल्या, "वाजवणं सोडा असं मी म्हणत नाही. पण असं ओढणं बंद. नाहीतर वर्षभरात तुम्हाला चमचा धरायलाही माणूस लागेल." हे घाबरले. मी त्याहून घाबरले. वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे जाऊन तारा खाली आणून घेतल्या. बोटांना आराम पडला, पण थोरलीचा आवाज बसला. आणि वादळ तर वादळच, ते कशाला थांबतंय!

एका रविवारी वाजवून झाल्यावर मास्तर आमच्या टेबलापाशी आले. खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. म्हणाले, "खांबा, राग मानू नकोस. ड्रमखाली तू सापडतच नाहीस रे. मी पियानोवर एकटा पडतो. मॅनेजर म्हणत होता, विजेवरची बेस गिटार वाजवणारी एक मुलगी आहे, तिला बोलवू का." ह्यांनी हात टेबलाखाली घेतले. मास्तरच पुढं म्हणाले, "पुढच्या रविवारी काहीतरी करून ये. ऐकू आलास तर विषयच संपला. नाही आलास तर..." आणि त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. चांगला माणूस आहे, त्यालाही जड जात होतं.

घरी आल्यावर हे थोरलीशेजारी स्टुलावर बसले ते बसलेच. दिवा लावला नाही, चहा घेतला नाही. छापखाना सुटला तेव्हासुद्धा असे बसले नव्हते. मी लेकीला फोन केला, आणि दुसऱ्याच दिवशी जावईबापू हजर!

आमचे जावई लिफ्ट दुरुस्त करतात आणि फावल्या वेळात इलेक्ट्रिक गिटार बडवतात. त्यांनी एक डबा आणला. पायानं दाबायची बटणं, वर छोटा स्क्रीन, आपल्या वजनकाट्याएवढा. "आई, ह्यात शंभरेक ॲम्प आहेत," ते म्हणाले. मी डबा उलटा करून बघितला. मग त्यांनी समजावलं: मोठमोठे ॲम्प, म्हणजे आवाज वाढवणारी यंत्रं, नि स्पीकर कसे वाजतात त्याची हुबेहूब नक्कल हा डबा करतो. बेसच्या घोडीखाली, म्हणजे तारा ज्या लाकडी तुकड्यावर टेकतात त्याच्या पायाखाली, एक पातळ चकती सरकवायची. त्याला पिकअप म्हणतात. ती लाकडाची थरथर पकडते, डबा तिचा आवाज घडवतो आणि स्पीकर तो बाहेर काढतो. ह्यांना डबा मुळीच पसंत नव्हता, पण रविवार तोंडावर आला होता.

पहिला आवाज निघाला तेव्हा मी सुई टोचून घेतली. टणक्, टणक्! इलॅस्टिक ताणून सोडावं तसा. जावईबापू म्हणाले, थांबा, ॲम्प लावतो. लावला. एक झाला, दुसरा झाला. कशात थोरली गुरगुरली, कशात घसा बसल्यासारखी झाली, आणि एकदा तर अशी घूंऽऽ करत सुटली की कपाटातल्या बशा नाचायला लागल्या. स्पीकरचा आवाज तिच्या पोकळ पोटात शिरायचा, तिथून पुन्हा पिकअपमध्ये, पुन्हा स्पीकरमध्ये. खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या, कुणी आजारी आहे का विचारायला.

"हे सगळे ॲम्प गिटारवाल्यांचे," जावई डोकं खाजवत म्हणाले. "थोरल्या सासूबाईंना कुणाच्या ॲम्पचा आवाज कशाला घालायचा? त्यांचा स्वतःचाच घालू." युक्ती अशी की समोर चांगला माइक ठेवायचा, ह्यांनी वाजवायचं, आणि पिकअप नि माइक दोन्हींचा आवाज एकदम टिपायचा. त्या दोन्हींत फरक काय ते डबा शिकून घेतो, आणि मग हॉलमध्ये पिकअपच्या टणक् टणक्‌ला माइकसारखा लाकडी आवाज चढवतो. मला हे लगेच कळलं. दुकानातल्या पुतळ्याच्या मापानं न शिवता ज्याचं त्याच्या मापानं शिवायचं, एवढंच ते.

खोली घुमू नये म्हणून घरातल्या सगळ्या गाद्या भिंतींना उभ्या केल्या. माझ्या गाद्या! माइक आला, आणि तो ठेवायचा कुठं ह्यावर तंटा सुरू झाला. हे म्हणाले, "इथं. माझ्या कानाशी. माझा आवाज मला ठाऊक." जावईबापू सासऱ्यापुढं बोलेनात. ठेवला कानाशी. टिपून झालं, डब्यात भरलं, वाजवून बघितलं. सगळी बोटांची खरखर आणि तारांची झणझण, खालचा गोडवा गायब. ह्यांनी बटणं पिळून पिळून खालचा आवाज वाढवला, तर घूंऽऽ परत हजर.

"अहो," मी म्हटलं, "लोक काय तुमच्या कानात बसून जेवतात का?"

जावईबापू तोंड फिरवून हसले. हे चिडले. "मग कुठं ठेवू? तुझ्या कानात?"

"ठेवा की! इतकी वर्षं समोरून कोण ऐकतंय?"

रागारागानं माइक उचलला आणि माझ्या शिलाईमशीनपाशी, मी बसते तिथं, माझ्या डोक्याच्या उंचीवर आणून आदळला. आदळला म्हणजे ठेवलाच, महागाचा होता. पुन्हा वाजवलं, पुन्हा टिपलं. ह्या खेपेला डब्यातून जो आवाज आला त्यानं माझ्या अंगावर काटा आला. ती थोरलीच होती. रोज मशीनवर बसले की मला समोरून ऐकू येते ती. मी म्हटलं, "हा! हा तुमचा आवाज." ह्यांनी तीच तार पुन्हा छेडली. मग म्हणाले, "असा आहे होय?" आणि लगेच पुढं, "पण बारीक आहे. पोहोचायचा नाही." किडा तो किडाच.

रविवारी आम्ही लवकर निघालो. हॉल अजून रिकामा होता, पोरं टेबलांवर काचेचे ग्लास मांडत होती. मास्तर नि वादळ आलेले. जावईबापूंनी वायरी जोडल्या. आता ह्यांनी काय करावं? स्वतः उभे होते तिथं मनासारखा आवाज ऐकू येईपर्यंत डबा वाढवला. वर तारांनाही हिसके द्यायला लागले. डॉक्टरीण बाईंचं सांगणं गेलं वाऱ्यावर. वादळांनीही काठ्यांचा जोर वाढवला. मास्तरांनी कानांवर हात ठेवून "बंद, बंद!" केलं. ग्लास किणकिणायला लागले आणि मॅनेजर दारातून डोकावला. वाटलं, संपलं. आज हे इथून थोरलीला घेऊन कायमचे घरी येणार.

मी तरातरा पुढं गेले आणि ह्यांचा दंड धरला. "चला."

"कुठं?"

"शेवटच्या टेबलाला. एकदा स्वतःच्या कानांनी ऐका. मी बायको आहे ना? मग माझं नका ऐकू."

थोरली जावयांच्या हातात दिली. त्यांना ती धडपणे धरताही येईना, लिफ्टच्या दारासारखी दोन्ही हातांनी आवळून धरली होती. म्हणाले, "आधी सूर बघतो, मग वाजवतो बाबा," आणि डब्यावरचं बटण पायानं दाबलं. आम्ही टेबलांमधून वाट काढत मागं गेलो. हे माझ्या खुर्चीवर बसले. एवढ्या वर्षांत त्या खुर्चीवर पहिल्यांदा.

जावईबापूंनी तार छेडली. दोन बोटांनी, भीत भीत, दुसऱ्याच्या तान्ह्या पोराला हात लावावा तशी. आणि तो आवाज आला. आख्ख्या हॉलभर पसरत, आमच्या टेबलाच्या लाकडातून माझ्या कोपरापर्यंत आला. गोल, उबदार, खोल. मग दुसरी तार. मग तिसरी.

ह्यांनी डोळे मिटून घेतले होते. उघडले तर चेहरा उजळलेला. जोरात म्हणाले, "हां! आता बोलला डबा! एवढाच ठेवा, ह्याला आता हात लावू नका."

जावईबापू खाली वाकून स्क्रीन बघत होते. म्हणाले, "बाबा, डबा मुका आहे."

"म्हणजे?"

"सूर बघताना तो स्पीकर बंद करतो. अजून सूरच बघतोय मी. हा नुसता बेसचा आवाज आहे."

ह्यांना कळेना. मी बघत होते, माझ्या डोळ्यांसमोर हळूहळू कळत गेलं. परत विचारलं, "डबा बंद आहे?" "बंद आहे." "तारा खालीच आहेत ना?" "खालीच आहेत बाबा." मग ह्यांनी टेबलावर ठेवलेल्या आपल्या हातांकडे बघितलं. फुगलेले सांधे, वाकडं झालेलं ते मधलं बोट.

"म्हणजे पोहोचत होतं," हे म्हणाले.

खरं सांगते, हाच तो क्षण होता ज्याची मी वर्षानुवर्षं वाट बघितली होती. मी सांगत नव्हते? मी घसा कोरडा करून सांगत नव्हते? माझं नाही पटलं, मुक्या डब्याचं पटलं! सगळं तोंडावर आलं होतं. आणि ह्यांचं तोंड बघितल्यावर एक अक्षर फुटेना. मला राग आला होता, पण कुणाचा तेच समजेना. त्या मागून ओरडणाऱ्याचा असेल. तो मेला कधीच घरी जाऊन झोपला असेल, आणि ह्या माणसानं त्याच्यासाठी जन्मभर बोटं झिजवली.

"मी नाही वाजवत आज," हे म्हणाले. "मास्तरला सांग. त्या मुलीला बोलवा म्हणावं."

"का?"

"कशासाठी केलं मी हे सगळं? कशासाठी गं?" आवाज फुटला होता. "उगाच. सगळं उगाच."

हॉलमधली पोरं बघायला लागली. मी शेजारची खुर्ची ओढून ह्यांच्यासमोर बसले. समजूत घालणं मला जमत नाही, मला शिवता येतं आणि भांडता येतं. म्हणून मी भांडले. म्हटलं, "उगाच कसं? ह्या हॉलमध्ये माणसं येतात, जेवतात, ह्या आवाजात बोलतात, हसतात. माझ्यासमोर बसून एका म्हाताऱ्यानं डोळे पुसलेत. सगळ्यांनी ऐकलंय तुम्हाला. ऐकायचा राहिला असा एकच माणूस होता, तो आज आत्ता ऐकून बसलाय. आणि आज ऐकू आल्याबरोबर तुम्ही घरी निघालात? उठा."

उठले नाहीत लगेच. नाक पुसलं. मग वादळ आले, एवढे जाडजूड गृहस्थ टेबलांमधून आडवे होत. काय झालं ते त्यांना जावयांनी सांगितलं होतं. ते म्हणाले, "अरे खांबा, तू एवढा ओढायचास म्हणून मी बडवत होतो रे. मला वाटायचं तुला माझे ड्रम कमी पडतायत." मग वादळ असे काही हसत सुटले की मॅनेजर पुन्हा दारात आला. हे हसले नाहीत, पण उठले.

गिऱ्हाइकं आली. पहिलं गाणं संथ होतं. वादळांनी काठ्या ठेवून तारेचे ब्रश घेतले आणि ड्रमवर नुसता झाडू मारल्यासारखे फिरवायला लागले. ताटल्यांच्या नि माणसांच्या गलक्यात सुजल्या बोटांनी एकट्यानं पुरे पडत नाही, ते खरंच आहे. तिथं डबा लागतो. पण जावईबापूंनी तो इतकाच ठेवला की बघणाऱ्याला थोरलीच वाजतेय असं वाटावं. आणि हे वाजवत होते हळू. इतकं हळू मी ह्यांना कधी वाजवताना पाहिलं नव्हतं. मान वर होती. नेहमी तारांवर वाकलेला माणूस, आज समोरच्या माणसांकडे बघत होता. मध्येच एक छोटी मुलगी खुर्चीवरून उतरून आईचं बोट ओढत पुढं गेली आणि थोरलीसमोर पोटावर हात ठेवून उभी राहिली. आवाज पोटात वाजतोय म्हणून.

मध्यंतरात मास्तर पियानोचं झाकण न लावताच ह्यांच्याकडे गेले. त्या बेस गिटारवालीचं नाव काढलं नाही. म्हणाले, "पुढच्या रविवारी ही संथ गाणी आधी घेऊ. असा वाजणार असशील तर मला जरा जागा सोडून वाजवता येईल." एवढंच, आणि पाणी प्यायला निघून गेले.

हे माझ्या टेबलाशी आले. मी सवयीनं हात पुढं केला, ह्यांचा हात ओढून घेतला, बोटं एकेक करून उघडली. लाल नव्हती. कुठं साल गेलेलं नव्हतं.

"दुखतंय?" मी विचारलं.

ह्यांनी मूठ मिटली, उघडली. पुन्हा मिटली. "नाही गं," म्हणाले. "काहीच दुखत नाहीये." आणि हे म्हणता म्हणता, भर हॉलमध्ये, हातात ट्रे घेतलेला वेटर बाजूला उभा असताना, हा माणूस लहान पोरासारखा रडायला लागला. मी ह्यांना रडू दिलं. मला पण आलंच.